मदत हवी आहे : खिचडी झाल्यावर पहिली-दुसरीचा वर्ग पुन्हा बसतच नाही

नवी_बाई : नमस्कार. जूनच्या अखेरीस शाळा उघडल्यापासून मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात पहिली आणि दुसरी एकत्र शिकवत आहे. परिपाठ, भाषा, गणित येथपर्यंत सर्व सुरळीत चालते. परंतु दुपारची खिचडी झाली की वर्ग पुन्हा बसायला पाऊण तास जातो. कोणी बसकरपट्ट्या गुंडाळून त्यावर घसरतो, कोणी दुसऱ्याची पाटी लपवतो आणि "म्याडम, यानं मले ढकललं" ही तक्रार तर दर मिनिटाला येते. पाढे म्हणायला लावले, वर्गमंत्री नेमला, फळ्यावर नावे लिहिली. काहीही टिकले नाही. "प्रेमाने सांगा" असे उत्तर कृपया देऊ नये, ते करून झाले आहे. सोमवारी केंद्रप्रमुख (परिसरातील शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) येणार आहेत, म्हणून घाई आहे.

खडू_डस्टर : पट किती, शिक्षक किती आणि त्या पाऊण तासात आपण स्वतः कोठे असता, हे लिहिले असते तर उत्तर देणे सोपे झाले असते.

नवी_बाई : शाळा पहिली ते चौथी आहे, एकूण पट 54. माझ्याकडे 29 मुले आहेत, उरलेली सरांकडे. द्विशिक्षकी शाळा म्हटल्यावर हे सर्वांच्या लक्षात येईल असे वाटले होते.

खंजिरीवाले_सर : मॅडम, मी अमरावती जिल्ह्यातील आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीपासून फार लांब नाही, त्यामुळे माझे उत्तर आपल्याला ठाऊक असेलच. एक खंजिरी घ्या. मी वर्गात शब्दही बोलत नाही. पहिल्या ठेक्याला मुले दारात येतात, दुसऱ्याला पट्टीवर बसतात आणि तिसऱ्याला पाटी मांडीवर घेतात. बावीस वर्षे हेच चालले आहे. आवाज चढवणाऱ्या शिक्षकाचा घसा डिसेंबरपर्यंत बसतो, खंजिरीचा बसत नाही.

सेवानिवृत्त_गुरुजी : खंजिरी, टाळ्या, गाणी हे सर्व ठीक आहे, पण आमच्या वेळी टेबलावर निंबाची एक फोक नुसती ठेवलेली असे आणि तिला हात लावण्याची वेळ वर्षातून दोनदा येई. आता धाकच उरला नाही, मग वर्ग कसा बसेल?

खडू_डस्टर : गुरुजी, आपल्याविषयी आदर ठेवूनच लिहितो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला दोन्हींना मनाई आहे, आणि हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. मानधनावरचा तीन वर्षांचा शिक्षणसेवक कालावधी सुरू असलेल्या नव्या बाईंना टेबलावर फोक ठेवण्याचा सल्ला देणे म्हणजे त्यांना अडचणीत ढकलणे आहे.

सेवानिवृत्त_गुरुजी : मारा असे मी कोठेही लिहिलेले नाही. धाक आणि मार यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

डिजिटल_शाळा : आम्ही लोकवर्गणीतून 43 इंची टीव्ही घेतला. सरपंचांना कार्यक्रमाला बोलावले, गावाने मनावर घेतले आणि पंधरा दिवसांत पैसे उभे राहिले. वर्गणीचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत कसा मांडायचा, त्याचा नमुना हवा असल्यास पाठवतो.

नवी_बाई : टीव्ही आहे. दुपारी वीज असेल याची खात्री नाही. शिवाय वर्गणीविषयी मी विचारलेलेच नाही.

पोडावरची_शाळा : ताई, मी केळापूर तालुक्यात आठ वर्षे काढली आहेत. आपल्याकडे कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, मुले आहेत का? असल्यास, "रांगेत या, आपापल्या जागेवर बसा, पुस्तक काढा" अशी तीन कामे एका दमात सांगितली तर पहिलीच्या मुलापर्यंत त्यातले एखादेच पोहोचते. घरी कोलामी, गल्लीत वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी, अशी त्याची तीन घरे आहेत. माझी पहिली दिवाळी येईपर्यंत मी ज्याला उद्धटपणा समजत होते, तो प्रत्यक्षात न कळल्यामुळे आलेला गोंधळ होता.

नवी_बाई : 29 पैकी 11 मुले पोडावरची आहेत. खरे सांगायचे तर मी पश्चिम महाराष्ट्रातून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून येथे आले, त्यामुळे वऱ्हाडीदेखील मला अर्धीच कळते. पण सकाळी हीच मुले सांगितलेले ऐकतात, मग दुपारी का ऐकत नाहीत?

पोडावरची_शाळा : हा प्रश्न मोलाचा आहे. जेवण संपल्यापासून तास सुरू होईपर्यंत काय काय घडते, ते ओळीने लिहा. काहीही गाळू नका.

नवी_बाई : लिहिते. साधारण एकच्या सुमारास वाढायला सुरुवात होते आणि वीस मिनिटांत बहुतेकांचे जेवण आटोपते. मग 54 ताटे एकाच हातपंपावर धुतली जातात. दुसरीतला एक मुलगा दांड्याला पोट लावून लोंबकळतो, तो खाली आला की पाण्याची धार येते आणि तेवढ्यात दोन ताटे विसळून होतात. तेथे शेवाळ असल्यामुळे कोणी घसरू नये म्हणून मी पंपाजवळ उभी असते. सर त्या वेळी पोषण आहाराची नोंद करत असतात. पहिले मूल वर्गात पोहोचते तेव्हा एक पंचवीस झालेले असतात, शेवटचे येते तेव्हा दोन वाजून गेलेले असतात.

पोडावरची_शाळा : म्हणजे पहिले मूल पस्तीस-चाळीस मिनिटे बाईंशिवाय आणि कामाशिवाय वर्गात बसून असते. पट्टीवर घसरण्याखेरीज त्याने दुसरे काय करावे? वर्गात बिघाड नाही, अडचण पंपावरच्या रांगेत आहे. वाढप सुरू होण्याआधी दोन मोठ्या बादल्यांत पाणी भरून ठेवा आणि सहा-सहा मुलांनाच धुण्यासाठी सोडा. बाकीची आपापल्या ताटासमोर बसून राहतील. वर्गात आधी पोहोचणाऱ्यांसाठी रोज एकच ठरलेले काम दारात ठेवा. मी चिंचोक्यांचा डबा ठेवत असे : दहा-दहाचे ढीग करायचे आणि पाटीवर आकडा लिहायचा. हे काम तोंडी सांगावे लागत नाही, म्हणून भाषाही आडवी येत नाही.

खडू_डस्टर : उपाय उत्तम आहे, मात्र बादल्या मुलांकडून भरून घेऊ नयेत. ते स्वयंपाकी मदतनिसांचे काम आहे.

सेवानिवृत्त_गुरुजी : मुलांनी शाळेसाठी बादलीभर पाणीही काढायचे नाही? मग श्रमाचे संस्कार कोठून होणार?

खडू_डस्टर : गुरुजी, तेच मूल आत्ता पोटावर दांडा घेऊन 54 ताटांचे पाणी काढत आहे. त्याची इयत्ता दुसरी आहे.

खंजिरीवाले_सर : चिंचोके जरूर ठेवा, परंतु ते गोळा करून पुन्हा डब्यात भरण्याची खूण कोणती? तेथे खंजिरी लागेलच.

नवी_बाई : दोन दिवसांचा हिशेब देते. गुरुवारी स्वयंपाकाच्या मावशींनी बादल्या भरल्या, सहा-सहाचे गट सोडले आणि पस्तीस मिनिटांचे काम सोळा मिनिटांत झाले. मी वर्गात आले तेव्हा नऊ जण ढीग मांडत होते. एकाने मात्र चिंचोका नाकात घातला होता, तो सुदैवाने शिंकेबरोबर बाहेर आला. शुक्रवारी मावशी आजारी असल्यामुळे बादल्या रिकाम्या राहिल्या आणि पुन्हा दोन वाजले. सरांना विनंती केली आहे की त्यांनी नोंद वर्गाच्या दारात बसून करावी. "पाहू" असे म्हणाले आहेत.

पोडावरची_शाळा : चिंचोक्यांऐवजी बाटल्यांची झाकणे घ्या, ती नाकात जात नाहीत. आणि बादल्या सकाळी परिपाठापूर्वीच भरून झाकून ठेवल्या, तर दुपारी कोणी गैरहजर असले तरी अडत नाही.

नवी_बाई : झाकणे जमवायला आजच चौकातल्या चहावाल्याला सांगितले. आणखी एक विचारायचे आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की मुले धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन वर्गात येतात, असे मावशी सांगतात. त्या तीन-चार वर्षांच्या लेकरांना दुपारी कोठे बसवायचे?

पोडावरची_शाळा : अंगणवाडी शाळेच्या आवारातच आहे की गावात? आणि ती किती वाजता सुटते?