साहसकथेवरून शब्द आणि घटनाक्रम: मुलं चिठ्ठ्या लावतात, पण गोष्ट सांगता येत नाही

सहावी_ब

इयत्ता सहावी, मराठी माध्यम, पट 38. ब्रिटिश मोहीमवीर शॅकल्टनच्या 1914 च्या अंटार्क्टिका मोहिमेची, म्हणजे ‘एन्ड्युरन्स’ जहाजाची गोष्ट साधारण 900 शब्दांत तयार केली आहे: जहाज बर्फात अडकून बुडतं, माणसं होड्यांतून एलिफंट बेटावर पोचतात आणि सहा जण मदत आणायला होडीने दक्षिण जॉर्जिया बेटाकडे जातात. 35 मिनिटांच्या चार तासिका हातात आहेत. नवे शब्द मुलांना वापरता यावेत आणि घटना क्रमाने सांगता याव्यात, एवढंच हवंय.

26 शब्दांची यादी अर्थासकट फळ्यावर देते. मुलं उतरवून घेतात, ‘जोड्या लावा’ अचूक सोडवतात, आणि गोष्ट सांगायला उभं केलं की “मग ते गेले, मग ते अडकले, मग ते आले.” यादीतला एकही शब्द तोंडात नाही. घटनांच्या 12 चिठ्ठ्या गटांत वाटल्या तर तीन मिनिटांत क्रम लागतो, पण “हे आधी का?” विचारलं की सगळे गप्प. यादीत हिमनग, शीड, सुकाणू, वल्हं, शिधा, स्लेज (बर्फावरची घसरगाडी), सील, तंबू, हिमदंश वगैरे आहेत. चिठ्ठ्यांवर तारखा घातल्या आहेत. नेमकं कुठे चुकतंय?

शब्दांगण

ताई, यादीत नुसती नामं आहेत, तिथेच गाडी अडली. सील म्हणजे काय हे फोटो दाखवला की दोन सेकंदांत कळतं, त्यावर तासिका घालवू नका. गोष्ट पुढे सरकते क्रियापदांवर. आणि मराठीत घटनांचा क्रमसुद्धा क्रियापदाच्या शेपटातच असतो: बांधून, बांधल्यावर, बांधताच, बांधेपर्यंत. तुमची दोन उद्दिष्टं मुळात एकच आहेत, ती एकत्र शिकवली तर वेळही वाचेल.

26 चे 10 करा. माझी निवड: अडकणे–अडकवणे, फुटणे–फोडणे, बुडणे–बुडवणे, गोठणे–गोठवणे, सुटणे–सोडवणे, वाचणे–वाचवणे, तुटणे–तोडणे या सात जोड्या, आणि तग धरणे, डागडुजी करणे, माघार घेणे. फळ्यावर दोन रकाने आखा, डावीकडे ‘झालं’, उजवीकडे ‘केलं’. गोष्ट ऐकताना मुलांनी क्रियापद योग्य रकान्यात सांगायचं. जहाज अडकलं, फळ्या फुटल्या, जहाज बुडालं: गोष्टीचा पहिला अर्धा भाग डाव्या रकान्यातच जातो. होड्या पाण्यात लोटल्या की उजवा रकाना भरू लागतो. हे मुलांच्या स्वतःच्या लक्षात आलं की गोष्टीची अर्धी समज आलीच.

‘वाचणे’वर थांबाच. “शेवटी सगळे वाचले” म्हटलं की वर्गात कुणीतरी “काय वाचले?” विचारणारच. ही संधी आहे. ‘त्यांनी वाचलं’ आणि ‘ते वाचले’ शेजारी शेजारी लिहा आणि ‘नी’ कुठे आला, कुठे नाही ते शोधायला सांगा. व्याकरणाची व्याख्या न देता काम होतं.

पहिल्या वाचनाआधी फक्त तीन शब्द सांगा, ज्यांच्याशिवाय गोष्ट कळणारच नाही: बर्फाची लादी, शिधा, तग धरणे. बाकीचे ज्या वाक्यात येतात तिथेच, आधी अंदाज विचारून. नंतरचे प्रश्न ‘अर्थ सांगा’ असे नकोत. “बैलगाडीचं चाक चिखलात रुतलं की अडकलं? पतंग झाडात रुतला की अडकला?” असं विचारलं की रुतणं म्हणजे खाली आत जाणं आणि अडकणं म्हणजे धरून ठेवलं जाणं, हा फरक मुलंच काढतात. मग विचारा, जहाज बर्फात रुतलं की अडकलं? वाद होऊ द्या.

दर्यावर्दी

वरचं सगळं मान्य, पण यादीतला ‘हिमनग’ आधी काढा. हिमनग म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात आलेला डोंगर, गोड्या पाण्याचा. एन्ड्युरन्स अडकलं ते गोठलेल्या समुद्राच्या लाद्यांमध्ये. हा शब्द यादीत राहिला की उत्तरात हमखास “जहाज हिमनगावर आपटून बुडालं” येतं, कारण मुलांच्या डोक्यात दुसरंच एक प्रसिद्ध जहाज असतं. इथे टक्कर झालीच नाही. वाऱ्याने अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातला बर्फ किनाऱ्याकडे रेटला, त्याला पुढे जायला जागा उरली नाही, लाद्या एकमेकींवर चढल्या आणि मधलं लाकडी जहाज दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं. दोन वह्यांमध्ये आगपेटी धरून हळूहळू दाबून दाखवा, पुरे. ‘लादी’ शब्द मासळी बाजारात बर्फ पाहिलेल्या मुलांना माहीत असतो, बाकीच्यांना फरशीच्या लादीवरून कळतो.

दुसरा गोंधळ ‘बोट’. आपण मोठ्या आगबोटीलाही बोट म्हणतो आणि लहान होडीलाही. “बोट बुडाली, मग ते बोटीत बसले” वाचून मुलं चक्रावतात. मोठं ते जहाज, लहान ती होडी, असं पूर्ण मजकुरात एकसारखं ठेवा. होड्या तीन होत्या, नाव फक्त ‘जेम्स केर्ड’चं द्या, म्हणजे ज्या होडीतून सहा जण मदत आणायला गेले तिचं.

ती होडी वर्गाच्या फरशीवर खडूने आखा: लांबी साडेबावीस फूट. वर्गात मावत नसेल तर व्हरांड्यात. सहा मुलं आत बसवा आणि सांगा की असे सहा जण 24 एप्रिल ते 10 मे 1916 एवढे दिवस सुमारे 1300 किलोमीटर गेले, मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गाच्या जवळपास. शीड, सुकाणू, वल्हं हे शब्द तिथेच, जागा दाखवून. किनाऱ्यावरची शाळा असेल तर डोलकाठी, परबाण (शिडाची आडवी काठी), नांगर हे मुलांनाच सांगू द्या, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल.

आणखी एक खड्डा म्हणजे ऋतू. जहाज जानेवारी 1915 मध्ये अडकलं. मुलं “थंडी होती म्हणून” लिहून मोकळी होतात. तिथे जानेवारी म्हणजे उन्हाळा आणि जून-जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पृथ्वीगोलावर पाच मिनिटं घालवा, नाहीतर ‘हिवाळा संपेपर्यंत वाट पाहिली’ ही चिठ्ठी कुठे लावायची यावर गट भांडत बसतील.

फळा_खडू

चिठ्ठ्यांबद्दल. तारीख घातली की तो गणिताचा प्रश्न होतो, मुलं वाचतच नाहीत, आकडे बघून लावतात. तारखा काढा. ‘त्यानंतर’, ‘शेवटी’, ‘मग’ काढा. ‘ती’, ‘त्याला’ अशी सर्वनामंही शक्यतो काढा, तेही चुगली करतात. क्रम फक्त कार्यकारणावरून लागला पाहिजे. जेम्स केर्ड प्रवासाला तयार केली त्याच्या सहा चिठ्ठ्या अशा (वाटताना अर्थातच मिसळून):

अ) सुतार मॅकनिशने स्लेजच्या पट्ट्या आणि खोक्यांच्या फळ्या ठोकून होडीवर सांगाडा केला.
आ) गोठून ताठ झालेलं जाड कापड चुलीच्या उबेवर मऊ केलं.
इ) कापडाचे तुकडे जोडून शिवले.
ई) शिवलेलं कापड सांगाड्यावर ताणून खिळ्यांनी ठोकलं.
उ) होडी उलटू नये म्हणून तळाशी दगड भरले.
ऊ) सहा जण दक्षिण जॉर्जिया बेटाकडे निघाले.

क्रम लागला की विचारा, “कोणत्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल चालेल?” अ आणि आ चालेल. आ आणि इ नाही, कारण ताठ कापडातून सुई जात नाही. या एका प्रश्नाने ‘आधी का?’चं उत्तर मिळतं, आणि एकच बरोबर क्रम असतो हा समजही जातो.

पूर्ण गोष्टीच्या 12 चिठ्ठ्यांत एक सापळा मुद्दाम ठेवा: ‘जहाज बुडालं’ आणि ‘माणसांनी बर्फावर तंबू ठोकले’. जवळपास सगळे गट बुडणं आधी लावतात. खरं तर जहाज 27 ऑक्टोबर 1915 ला सोडलं आणि ते बुडालं 21 नोव्हेंबरला. मधले तीनेक आठवडे ते तंबूत राहून मोडकं जहाज बघत होते आणि त्यातून सामान काढत होते. मजकुरात हे एकाच वाक्यात, सहज जाईल असं लिहा आणि वाद झाला की तेच वाक्य शोधायला लावा.

24 एप्रिल 1916 नंतर एका सुतळीवर गोष्ट मावत नाही. दोन सुतळ्या बांधा, चिठ्ठ्यांना कपड्यांचे चिमटे. वरच्या सुतळीवर होडीतले सहा, खालच्यावर एलिफंट बेटावर उरलेले 22, जे दगडी कठड्यावर दोन होड्या पालथ्या घालून त्याखाली राहिले. दोन्ही सुतळ्यांची टोकं 30 ऑगस्टला एकाच खिळ्यावर, कारण त्या दिवशी त्यांना सोडवायला चिलीचं ‘येल्चो’ जहाज तिथे पोचलं. ‘इकडे… तिकडे’, ‘तोवर’, ‘असताना’ हे शब्द इथे गरजेपोटी येतात. दक्षिण जॉर्जियावर सहापैकी तिघे किनाऱ्यावर थांबले, तिघे डोंगर ओलांडून गेले. त्यासाठी तिसरी सुतळी बांधू नका, गुंता होतो; एका चिठ्ठीत उरका.

जोडवाक्यांत येणारी नेहमीची चूक: “जहाज बुडून त्यांनी होड्या ओढल्या.” ‘-ऊन’ लावलं की दोन्ही कामं एकाच्याच नावावर हवीत. बुडालं जहाज, ओढल्या माणसांनी, म्हणून ‘बुडाल्यावर’. “होड्या ओढून ते दमले” मात्र ठीक. मुलांना नियम सांगू नका, “बुडालं कोण? ओढलं कोण?” एवढंच विचारा.

कागद: ए-फोरचे आडवे चार तुकडे, एका तुकड्यावर एकच वाक्य, अक्षर मोठं. 38 मुलांत सहाचे सहा गट, उरलेली दोघं पंच. पंचांकडे मूळ मजकूर, बाकी कुणाकडे नाही.

सहावी_ब

दोन सुतळ्यांची कल्पना उद्याच करते. दोन शंका: मोहिमेतल्या, स्लेज ओढायच्या कुत्र्यांचं गोष्टीत काय करायचं? आणि चौथ्या तासिकेला तपासायचं कसं?

दर्यावर्दी

कुत्रे मारावे लागले, कारण त्यांना घालायला अन्न उरत नव्हतं. एका साध्या वाक्यात सांगा. लपवलं तर चौथ्या तासिकेपर्यंत मुलं “कुत्रे कुठे गेले?” विचारत राहतात, आणि तोही घटनाक्रमाचाच प्रश्न आहे.

तुमच्या मजकुरात “मोहिमेतले सगळे वाचले” असेल तर “जहाजावरचे 28 जण वाचले” करा. याच मोहिमेची दुसरी तुकडी अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे होती. तिच्यातले तिघे दगावले.

शब्दांगण

तपासायला गोष्ट उलटी सांगायला लावा. सुरुवात “30 ऑगस्टला येल्चो आलं” इथून, आणि प्रत्येक वाक्यात एक पायरी मागे: “त्याआधी तीन जहाजं बर्फामुळे माघारी फिरली होती. त्याआधी तिघांनी डोंगर ओलांडला होता.” पाठ केलेलं मूल दुसऱ्या वाक्याला अडखळतं, समजलेलं मूल सावकाश का होईना जातं, आणि ‘फिरली होती, ओलांडला होता’ ही रूपं न शिकवता येतात. एकेका मुलाला फक्त तीन पायऱ्या द्या, पुढच्याने तिथून उचलायचं, 38 जण एका तासिकेत होतात. तुमच्या हातात दहा शब्दांची पट्टी ठेवा, शब्द आला की टिंब. रुतलं–अडकलंसारखी चूक झाली तर मध्येच तोडू नका, टिंबाऐवजी फुली करा आणि शेवटी फुल्यांची वाक्यं फळ्यावर घ्या.