'पायनी' वास मराठीत कसा सांगायचा?

भाची एका साबणाच्या पाकिटावरचा इंग्रजी मजकूर मराठीत करत होती. त्यात रोझमेरीच्या वासाला 'पायनी' म्हटलं होतं. "मावशी, पायनी म्हणजे अननसासारखंच नं?" तिनं 'अननसाच्या वासाची रोझमेरी' असं लिहूनही टाकलं होतं.

पायनी म्हणजे पाइनच्या झाडासारख्या वासाचं. पण पायनॅपलमुळे कुणाचीही अशी गल्लत होईल. इंग्रजीत पायनॅपल हे नाव आधी पाइनच्या लाकडी, खवलेदार शंकूला होतं. अमेरिकेतून आलेलं फळ तसंच दिसलं, म्हणून पुढे तेच नाव त्याला मिळालं. आपण पोर्तुगिजांकडून अननस घेतला, त्यामुळे मराठीत हा घोळ नाही. झुरणे या अर्थाचं 'पाइन' क्रियापद तर वेगळ्याच घराण्यातलं आहे. ते लॅटिन 'पोएना' म्हणजे शिक्षा, यातून आलं. दुखणं या अर्थाचा 'पेन'ही तिथलाच.

झाडाचा 'पाइन' लॅटिन 'पिनुस'पासून आला. त्याचं आणि संस्कृत 'पीन', 'पीवर' यांचं मूळ एकच मानलं जातं. अर्थ पुष्ट, फुगलेलं. 'पीतुदारु' या वृक्षनामातला, रस या अर्थाचा 'पीतु'ही त्यांचाच भाऊबंद. झाडाची ओळख त्याच्या चिकट रसावरून. मला हे फार आवडतं, कारण पायनी वासही त्या रसाचाच असतो. संस्कृतात या झाडाला 'सरल' असंही म्हणतात, ते सरळसोट खोडावरून. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हत्ती गालांची खाज भागवायला सरल वृक्षांना अंग घासतात, चीक पाझरतो आणि हिमालयाचे माथे दरवळतात. रामटेक उशाशी असलेल्या आम्हा नागपूरकरांना कालिदासाचा हा दाखला आधी आठवायला हवा!

आता मराठी शब्द. 'देवदारी' चालणार नाही. देवदार हे झाडच वेगळं, शिवाय देवदारी म्हटलं की आपल्याला खोकं दिसतं. पाइनला चीडही म्हणतात, पण नुसतं 'चिडेचा वास' लिहिलं तर वाचणाऱ्याला आधी राग आठवेल. झाडाचा चिकट रस म्हणजे राळ, म्हणून भाचीनं 'धुरकट', 'मातकट'च्या चालीवर 'राळकट' सुचवलं. शब्द बांधेसूद आहे, पण 'तेलकट', 'मळकट' आठवून पहा. या 'कट'मध्ये नावड असते आणि पायनी वास तर स्वच्छ, हवाहवासा. साबणाला तो शोभणार नाही.

घरात फ्रिजच्या खोक्याची एक फळी पडली होती. नागपूरच्या लकडगंजात सुतार या लाकडाला सरळ पाइनच म्हणतात. गाठीजवळ रंधा मारला तर पिवळसर चिकट ठिपके वर आले. भाचीनं नाक लावलं. "हे तर टर्पेंटाइन होय!" बरोबरच. टर्पेंटाइन पाइनच्या राळेपासूनच काढतात आणि त्यातला मुख्य घटक पाइनीन, त्याचंही नाव या झाडावरूनच पडलं. रोझमेरीच्या पानातही तो असतो. म्हणून पाकिटावर पाइनचं झाड नसतानाही तो शब्द आला होता.

"मग राळ तर लिहावंच लागेल," ती म्हणाली. पण मजकूर वाचणाऱ्या सगळ्यांना राळ ठाऊक असेलच असं नाही, म्हणून झाडही सोबत हवं. 'चीड'पुढे 'वृक्ष' लावला की रागाची शंका उरत नाही. शेवटी तिनं लिहिलं: 'चीडवृक्षाच्या ताज्या राळेसारखा दरवळ असलेली रोझमेरी.' इंग्रजीत एका शब्दात भागतं, इथे पाच लागले. तरी मी त्यातला एकही कमी करू दिला नाही.