सिंगल-कॉइल पिकअपचा हम आणि डमी कॉइल

प्रश्न:
माझ्या स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या इलेक्ट्रिक गिटारला तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारी, एकाच कॉइलची साधने) आहेत. अँपचा गेन (संकेत मोठा करण्याचे प्रमाण) वाढवला की हम, म्हणजे सततची गुणगुण, इतका चढतो की दोन स्वरांमधली शांतता उरतच नाही. आतल्या पोकळीला कॉपर टेप लावून अर्थिंग नीट केले. त्याने करकर थांबली, हम मात्र तसाच आहे. सिंगल-कॉइलचा खणखणीत आवाज गमवायचा नसल्यामुळे हंबकर (हम रद्द करणारा दोन कॉइलचा पिकअप) नको. डमी कॉइलने काम होईल का?

उत्तर १:
होईल. कॉपर टेप विद्युत क्षेत्र अडवते, पण ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगमधून येणारे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तिला जुमानत नाही. डमी कॉइलमध्ये चुंबक नसल्याने तारांचे कंपन ती पकडत नाही, हम तेवढा पकडते. म्हणून ती पिकअपला उलट फेजमध्ये (तिचा संकेत उलटा येईल अशी) एकसर जोडली की दोन्हींचा हम परस्परांना छेदतो. मात्र तिचा अक्ष पिकअपच्या अक्षाला समांतर हवा. अक्ष काटकोनात येईल अशी बसवली तर उपयोग नाही.

उत्तर २:
वरील उत्तर बरोबर आहे, पण आवाजाचा मुद्दा त्यात राहून गेला. पिकअपइतक्याच वेढ्यांची कॉइल एकसर जोडल्यास इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा कॉइलचा गुण) जवळपास दुप्पट होतो, रेझोनन्सचे शिखर (ज्या वारंवारतेला पिकअपचा प्रतिसाद सर्वांत जास्त असतो ती) सुमारे ३० टक्के खाली येते, आणि ज्या खणखणीतपणासाठी आपण हंबकर नाकारत आहात तोच मंदावतो. कॉइलला मिळणारा हम वेढे आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरतो, इंडक्टन्स मात्र वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणून क्षेत्रफळ दहापट केले तर वेढे एक दशांश पुरतात. माझ्या मते गिटारच्या मागच्या झाकणाच्या कडेने गुंडाळलेली मोठी कॉइल हाच खरा उपाय आहे. वेढे थोडे जास्तच घालावेत आणि कॉइलला समांतर ट्रिमपॉट (छोटा बदलता रोध) लावून, अँप चालू ठेवून, हम सर्वांत कमी होईल तिथे तो थांबवावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पिकअप निवडण्याच्या स्विचच्या २ आणि ४ या स्थानांवर (जिथे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र वाजतात) माझी गिटार आताही शांत असते. त्याने काही फरक पडेल का?

उत्तर २:
मोठा फरक पडेल. याचा अर्थ आपला मधला पिकअप उलट गुंडाळलेला व उलट ध्रुवांचा आहे. त्या दोन स्थानांवर डमी कॉइल जोडलेली राहिली तर हम पुन्हा सुरू होईल, तेव्हा तिथे ती वगळावी लागेल. मधला पिकअप एकटा वाजताना तिच्या दोन्ही वायरी अदलाबदल करून जोडाव्या लागतील. हे साध्या पाच-स्थानी स्विचने जमत नाही, चार पोलचा (एकाच वेळी चार स्वतंत्र जोडण्या बदलणारा) स्विच घ्यावा.