विकायचं घर दाखवण्याजोगं कसं करावं? : गोव्यातल्यांसाठी अनुभव धागा

घर विकायला काढलं की प्रश्न एकच, खर्च कुठे करायचा आणि हात कुठे आखडायचा. उशा, फुलदाण्या, चित्रं यांचे सल्ले उदंड मिळतात, पण आपल्याकडे पावसाळ्यानंतर भिंतीला ओल, कपाटाला बुरा आणि बंद घराला कुबट वास असतो. तेव्हा या कामातल्या जाणत्यांनी नेमकं लिहावं: काय, किती, कशानंतर काय, आणि कुठे फसतं. आपल्या घराची कहाणी नको, कृती हवी.

म्हापसा, रंगकाम

रंगाचा डबा उघडण्याआधी ओल भिंतीत आहे की हवेत, ते बघा. फूटभर लांबरुंद जाड प्लास्टिक भिंतीला लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि 24 तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. गळती, पाइप किंवा बाहेरच्या गिलाव्याची चीर शोधा, रंगाने काही होणार नाही. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर हवाच दमट आहे, पंखा आणि उघड्या खिडक्यांवर भागतं.

बुरशीला घरगुती ब्लीच 1 भाग, पाणी 4 भाग. स्पंजने लावा, 15 मिनिटं थांबा, साध्या पाण्याने पुसा आणि दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळू द्या. संडास धुवायच्या अ‍ॅसिडात हे चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. पांढरा लोणा फुटला असेल तर मात्र पाणी अजिबात नको. क्षार पाण्यात विरघळून परत भिंतीत शिरतो, म्हणून कोरड्या ब्रशने झाडून काढायचा.

मग पॉलिश पेपर, पुट्टी फक्त खड्ड्यांपुरती, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे दारं-खिडक्या वगळून साधारण 380 चौरस फूट भिंत. दोन हातांना लिटरमागे 60 ते 70 चौरस फूट धरले तर 6 लिटर पुरतात. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या, नाहीतर भिंतीच्या मधोमध छटा बदललेली दिसते.

चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या भिंतीवर प्लास्टिक रंग मारू नये. आतली ओल बाहेर पडत नाही आणि पावसाळ्यात फोड येतात. तिथे चुनाच: 1 किलो चुन्याला 5 लिटर पाणी, रात्रभर मुरवून फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा डिंक, आणि तीन पातळ हात. जाड हात दिला की पापुद्रे सुटतात. हातमोजे घाला, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.

मडगाव, बंद फ्लॅटची देखभाल

मालक मुंबईला किंवा आखातात, फ्लॅट आठ महिने कुलपात. दार उघडताच गटाराचा वास येतो आणि घर गिऱ्हाईकाच्या मनातून तिथेच उतरतं. लोक भिंतींना नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा कारण न्हाणीघरातली जाळी असते. तिच्या खालच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी साठून राहतं त्या भागातलं) पाणी वाळलं की गटारातली हवा सरळ घरात येते. न्हाणी, बेसिन, सिंक, वॉशिंग मशीनची जाळी, प्रत्येकात तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर खोबरेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश उडतं. कमोडला एकदा फ्लश करा.

नळ पाच मिनिटं वाहू द्या. पहिलं पाणी तांबडं येतं, ते पाहुण्यांसमोर नको. वीजजोडणी विक्री होईपर्यंत तोडू नका. अंधारात टॉर्चने दाखवलेलं घर म्हणजे भाव पाडायचं आमंत्रण.

सुगंधी फवारे आणि डांबरगोळ्या टाळा. "काय लपवताय?" असा प्रश्न त्या वासातूनच उठतो. कपाटं रिकामी करून दारं दोन दिवस उघडी ठेवा, एवढं पुरतं.

फोंडा, जुनी घरं

कौलारू घरात खोली अंधारी असेल तर दिवे वाढवण्याआधी काचेचं कौल बसवा. एका खोलीला दोन पुष्कळ. एक जुनं कौल सोबत घेऊन दुकानात जा, कारण कारखान्यागणिक कौलाच्या खाचा वेगळ्या असतात. न जुळणाऱ्या कौलाच्या फटीतून पहिल्याच पावसात पाणी येतं. बसवतानाच शेजारची फुटकी कौलं बदला आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) टोचून बघा.

लाल कोब्याच्या आणि नक्षीच्या सिमेंट लाद्यांच्या जमिनीला अ‍ॅसिड लावायचं नाही. डाग जातो, पण तकाकीही जाते आणि ती परत येत नाही. सौम्य साबणाचं पाणी, पूर्ण सुकल्यावर मेणाचा अगदी पातळ हात, मग नारळाच्या सोडणाने चोळ चोळ चोळायचं. मेण जास्त झालं की पाय घसरतो. काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडकीलाही अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर नको, शिंपला विरघळतो. ओलसर मऊ फडकं फिरवून लगेच कोरडं करा.

बाल्कांवातून (दारापुढच्या ओसरीतून) मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, रिकामा सिलिंडर, जुन्या चपला हलवा आणि सोपा (तिथला बसायचा कट्टा) घासून ठेवा. घर तिथूनच बघायला सुरुवात होते. वृंदावनात तुळस सुकलेली असेल तर नवं रोप लावा. सुकलेली तुळस म्हणजे घर सोडून दिलंय, हे सांगायला वेगळी पाटी लागत नाही.

वाळवीची मातीची नळी दिसली तर थोडी मोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. परत बांधली असेल तर आत जीव आहे. आधी औषध, मग सुतार, रंग सगळ्यांत शेवटी.

पणजी, घरांचे फोटो

एका खोलीत एकाच रंगाचे दिवे लावा. बैठकीच्या खोलीत 3000 केल्विनचे पिवळसर, स्वयंपाकघरात 4000 चे. पिवळा आणि पांढरा शेजारी असले की फोटोत निम्मी भिंत आजारी दिसते. पूर्वेच्या खोल्या सकाळी, पश्चिमेच्या दुपारनंतर टिपा. मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरा, पंखा बंद ठेवा, फ्रिजवरची चुंबकं काढा. पडद्याची दांडी खिडकीच्या वर सहा इंच आणि दोन्ही बाजूंना तेवढीच लांब लावली की काच पूर्ण उघडी राहते. पडद्याचं सुती कापड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा. फर्निचर नवं आणू नका, आहे त्यातला तिसरा हिस्सा बाहेर काढा.

डिचोली, कागदपत्रं

विषय सजावटीचा आहे, तरी टेबलावर एक फाइल ठेवा: फॉर्म 1 व 14 (जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा), लागू असेल तिथे सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला), ऑक्युपन्सी (घर वापरायच्या परवानगीचा दाखला), घरपट्टी, वीजबिल. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात विक्रीला पती-पत्नी दोघांची संमती लागते. एक सही परदेशात असेल तर सोय आधी करा, मग पडद्यांकडे वळा.

म्हापसा, रंगकाम (पुन्हा)

दोन गोष्टी राहिल्या. चतुर्थीच्या आठवड्यात रंगारी मिळत नाही, तारखा त्याप्रमाणे ठरवा. आणि जुलैत फुगलेलं दार रंध्याने तासू नका. जानेवारीत लाकूड आकसतं आणि चौकटीशी बोटभर फट दिसते. अडणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा, बिजागरीचे ढिले स्क्रू आवळा. तरीही अडलं तर डिसेंबरपर्यंत थांबा.