सी विंगला कोण आलं होतं?

*शिंदे वहिनी, बी-३०२:* दुपारी आशाताई आणि सोबत एक जण सी विंगला येऊन गेले. टीबीचं काहीतरी विचारत होते म्हणे. कुणाकडे आले होते?

*अमर, ए-१०४:* व्हय, मी पण बघितलं. बराच वेळ वर होते.

*पोवार काका, सेक्रेटरी:* सोसायटीला कळवायला नको का? लिफ्ट एक, पाण्याची टाकी एक. ज्यांच्या घरी असेल त्यांनी स्वतःहून ग्रुपवर सांगावं. नाव कळलं तर काळजी घेता येईल.

*शिंदे वहिनी:* तेच म्हणते मी. बारकी पोरं खाली एकत्र खेळतात.

*कुलकर्णी आजी, ए-००२:* आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, प्लेगात लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. इथं दोन माणसं प्रश्न विचारून गेली तर एवढा गोंधळ.

*माने ताई, बी-१०१:* काका, मी रिटायर होईपर्यंत टीबीच्याच कामात होते, म्हणून लिहिते. टाकीचा विषय सोडा, टीबी पाण्यातनं पसरत नाही. ताटवाटीनंही नाही. हवेतनं पसरतो, आणि तोही बहुतेक करून बंद खोलीत तासन्‌तास सोबत राहणाऱ्याला. म्हणून तर ते त्या घरातल्यांनाच विचारतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का, संध्याकाळी ताप येतो का, रात्री घाम, वजन उतरलंय का. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला आधी बघतात. घरच्यांना आजार नसला तरी प्रतिबंधाच्या गोळ्या देतात. त्यातला एक प्रकार आठवड्यातनं एकदा घ्यायचा, बारा आठवडे.

*पोवार काका:* ते ठीक. पण खाजगी डॉक्टरकडे जाणाऱ्याचा पत्ता सरकारला कसा कळतो?

*चौगुले मेडिकल, सी-२०१:* आमच्याकडनं पण कळतो काका. टीबीच्या गोळ्या एच-१ यादीत आहेत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या, २०१४ पासून. वेगळं रजिस्टर. डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहून तीन वर्षं सांभाळायचं.

*माने ताई:* आणि २०१२ पासून खाजगी डॉक्टरनंही टीबीचा पेशंट कळवायचाच, असा नियम आहे. टीबी पेशंटची ऑनलाइन नोंद ठेवणारं सरकारी निक्षय पोर्टल त्याच वर्षीचं. २०१८ ला राजपत्र निघालं, न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली. कळवल्याबद्दल डॉक्टरांना ५०० रुपये पण मिळतात. खरं सांगू का, ना शिक्षेच्या भीतीनं ना ५०० रुपयांसाठी, आमचा माणूस दवाखान्यात जाऊन बसला की मगच नोंद व्हायची.

*अमर:* म्हणजे नाव-पत्ता थेट दिल्लीपर्यंत? आकडा दिला तर भागत नाही?

*माने ताई:* नाही भागत, अमर. इचलकरंजीत मागावर काम करणारा माणूस घे. औषध सहा महिन्यांचं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन भरतं, आणि हा गावाकडं निघून जातो. गोळ्या मध्येच सुटल्या की जंतू त्यांना दाद देईनासे होऊ शकतात. मग रिफाम्पिसिनसारखं मुख्य औषधच बाद होतं. निक्षयवर आयडी असला की त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडं वर्ग करता येते, तिकडची आशा त्याच्या घरी जाते. निपाणीचा पेशंट कोल्हापुरात दाखवतो, त्याचंही तसंच. पूर्वी कागदाची कार्डं होती. माणूस गेला की कार्ड आमच्या कपाटात. नाहीतर एकच माणूस दोन दवाखान्यांत दोनदा मोजला जायचा.

*माने ताई:* तर नाव त्यांना लागतं. आपल्याला नाही लागत. आज ग्रुपवर एक नाव फुटलं, की उद्या ज्याला खोकला येईल तो लांब कुठंतरी जाऊन खोटा पत्ता देईल. असले पत्ते शोधत मी फिरलेली आहे. दिलेल्या घर नंबरवर पिठाची गिरणी निघायची.

*शिंदे वहिनी:* पण ताई, तो माणूस लिफ्टमध्ये खोकला तर?

*माने ताई:* ज्याचं औषध चालू झालंय आणि लागू पडतंय, त्याच्यापासनं काही आठवड्यांत पसरायचं थांबतं. भ्यायचं तर तपासणीच न केलेल्या खोकल्याला भ्या. पोवार काका, तुमचा खोकला मी गणपतीपासून ऐकतेय. वर तुम्हाला शुगर आहे, टीबीचा धोका त्यानं वाढतो.

*अमर:* सापडलासा काका!

*पोवार काका:* माझा धुळीचा आहे. बाहेर रस्ता खणून ठेवलाय.

*देसाई सर, सी-४०३:* २०२५ पर्यंत टीबीमुक्त भारत म्हणत होते, त्याचं काय झालं?

*माने ताई:* जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०१५ ला लाखामागं वर्षाला २३७ नवे पेशंट होते, २०२३ ला १९५. उतरलंय, पण मुक्त म्हणायला लई लांब. आणि सर, पेपरात ‘टीबी वाढला’ छापून येतं ना, ते कितीदा वाढलेलं नसतं, सापडलेलं असतं. तपासणी जोरात केली की आकडा चढणारच.

*शिंदे वहिनी:* पेशंटला पैसे देतात ते खरं का?

*माने ताई:* नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये, खात्यावर. आधी ५०० होते. अंडी, दूध, शेंगदाण्याचे आजचे भाव तुम्हालाच माहीत. शिवाय २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून कुणालाही पोषणाचं किट देता येतं, पेशंटची संमती असली तर. गणपतीची शिल्लक पडून आहे की आपली.

*चौगुले मेडिकल:* माझी हरकत नाही.

*देसाई सर:* त्या शिल्लकेतनं गेटचा कॅमेरा बसवायचा ठरलं होतं.

*पोवार काका:* मीटिंगला घेऊ तो विषय. नाव सांगा म्हटलेला माझा वरचा मेसेज डिलीट करतोय. ताई, त्या तपासणीला कुठं जायचं?

*माने ताई:* सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात. फुकट आहे. सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून बेडका काढायचा, लाळ नव्हे. टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, मशीनवर दोन्ही एकदमच कळतं.

*पोवार काका:* डबी घरनं न्यायची?

*माने ताई:* तिथं देतात. लोणच्याची बरणी नेऊ नका, लोक खरंच आणतात.