वाढदिवसाचं जेवण पोचतं, काठी शिकवणारा पोचत नाही

कळंब्याची लेक:
काल इथं तांबडा_पांढरा यांनी लेकाच्या वाढदिवसाचे फोटो टाकले. अंधशाळेत जेवण, पोरांच्या डोक्यावर चमकीच्या टोप्या. खाली लिहिलंय की कोल्हापुरात अंधांना कशाचीच कमी नाही, दाते रांगेत उभे असतात, तेव्हा या लोकांनी रहदारीत काठी घेऊन जीव धोक्यात घालण्यापेक्षा संस्थेत सुखानं राहावं. रात्री मी दोनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. आता पुसत नाही.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते, ३२ वर्षं. काचबिंदूनं आधी कडेची नजर नेली. दुखलं नाही, खुपलं नाही. चौकटीला धडकायला लागले तेव्हा आम्हीच ओरडायचो, "लक्ष कुठं असतं तुमचं?" डॉक्टरपर्यंत पोचलो तोवर डोळ्यामागची शीर गेलेली. ५४व्या वर्षी सगळं बंद.

त्यानंतर दोन वर्षं माणूस कॉटवर. सकाळी कॉट, दुपारी कॉट. नातेवाईक केळी घेऊन यायचे आणि त्यांच्यासमोरच आईला विचारायचे, "जेवतात का नीट?" जणू कानही गेलेत. मी शहरभर फिरले. अंधशाळा मुलांसाठी. त्यात त्यांची चूक नाही, पहिलीतल्या पोरांशेजारी माझ्या बापाला कुठं बसवणार? दाखला मिळाला, युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळालं, एसटीची सवलत मिळाली. पण स्टँडपर्यंत जायचं कसं, हे शिकवणारं मला कुणी भेटलं नाही.

शेवटी ओळखीतनं परगावचे एक मोबिलिटीचे, म्हणजे अंधांना एकट्यानं फिरायला शिकवणारे सर मिळाले. स्वतः पूर्ण अंध. ११ दिवस आले, गाडीभाडं तेवढं घेतलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, ही काठी फेका. आम्ही आणलेली कमरेएवढी होती, म्हाताऱ्यानं टेकायची. पांढरी काठी छातीच्या हाडापर्यंत लागते. उजवा पाय पुढं तर काठी डावीकडं, डावा पुढं तर उजवीकडं. म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधीच चाचपून होते. गटाराच्या झाकणाचा आवाज वेगळा, लावलेल्या मोटारसायकलीचा वेगळा. बाराव्या दिवशी बाबा एकटे कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन आले. आई मागनं लपतछपत गेली होती. ते त्यांना तिच्या चपलेवरनं कळलं होतं, पण बोलले नाहीत.

म्हणून विचारते. या शहरात वर्षाला किती पंगती उठतात? त्यातल्या एका पंगतीच्या पैशात एक माणूस कॉटवरनं उठतो. फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

तांबडा_पांढरा:
ताई, फोटोचं वाक्य लागलं. ६० पानांचं जेवण खिशातनं केलं, वर्गणी काढून नाही. करणाऱ्यानं शिव्या खायच्या आणि घरात बसून बोटं चालवणारा शहाणा, हे आपल्याकडं नवीन नाही. रहदारीचं म्हणाल तर दाभोळकर कॉर्नरला मी रोज दोनदा जातो. दोन डोळे धड असून जीव मुठीत धरतो. काळजीनं लिहिलं होतं. कोंडून घाला असा अर्थ काढायचा असेल तर काढा.

पेठेतला:
भावांनो, एवढा कशाला वाद? सगळ्यांनी नेत्रदान करा, विषय कट.

कळंब्याची लेक:
विषय कट होत नाही. नेत्रदानातनं बुबुळावरचा पारदर्शक पडदा बसवतात, अख्खा डोळा नाही. माझ्या बापाचा पडदा ठणठणीत आहे, शीर गेलीय. फॉर्म जरूर भरा, ज्यांचा पडदा गेलाय त्यांचं कल्याण होईल. पण प्रत्येक अंध माणसाला बघून नेत्रदान आठवणं म्हणजे पाय मोडलेल्याला रक्तगट विचारल्यासारखं आहे.

सहा ठिपके:
जन्मापासून दिसत नाही, वसतिगृहात वाढलो, सध्या बँकेत आहे. बोलून टाइप करतोय, चुका फोनच्या.

दोघांनाही सांगतो. श्रीखंड मला आवडायचं. २६ जानेवारीला एका दिवसात तीन पार्ट्या जेवण घेऊन यायच्या आणि परीक्षेच्या महिन्यात कुत्रं फिरकायचं नाही. जेवणाआधी आभाराचं गाणं म्हणायचं. एकदा माझ्याच वयाच्या एका मुलाचा वाढदिवस होता. आम्ही चाळीस जणांनी टाळ्या वाजवून म्हटलं. त्याच दिवशी माझाही होता. मी कुणाला सांगितलं नाही, उगाच त्याचा केक आपल्यावर ओवाळून टाकल्यासारखं झालं असतं.

तरी ताई, ते जेवण नसतं तर मी शिकलो नसतो. तुमच्या वडिलांना घर होतं, लेक होती. आमच्यातल्या निम्म्यांना सोडून जाणारा मामा होता. पंगतीला नावं ठेवणं सोपं आहे.

काय कमी आहे विचाराल तर रायटर, म्हणजे परीक्षेत आम्ही सांगू ते लिहिणारा. चार परीक्षा मी पाठांतरानं नाही, फोन लावून पास झालोय. "ताई, उद्या पेपरला येता का?" टी.वाय.ला माझा रायटर पंक्चर होऊन कावळा नाक्यावर अडकला. ४० मिनिटं मी कोऱ्या पेपरसमोर, प्रश्नसुद्धा कुणी वाचून दाखवेना. एकीला "सार्वभौमत्व" सांगितलं, तिनं "सर्व भूमत्व" लिहिलं. निकालानंतर फोटोकॉपी काढून मित्राकडनं वाचून घेतली तेव्हा कळलं.

निवृत्त मास्तर:
रायटरचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजू ऐका. ३० वर्षं सुपरव्हिजन केलं. विद्यार्थी गप्प आणि रायटर भराभरा लिहितोय, हे या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर रायटर म्हणून क्लासवाल्याचा पोरगा बसला होता, पेपर त्याच्याच विषयाचा. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. डोळस मुलगा म्हणतो, सर, मला का नाही? सहानुभूतीच्या नावाखाली गुणांची खिरापत चालते, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

सहा ठिपके:
बोललात. आता ऐका. ती २० मिनिटं खिरापत नाही. तुम्ही प्रश्न एका नजरेत वाचता, मला तो कुणीतरी वाचून दाखवावा लागतो, पुन्हा वाच म्हणावं लागतं, उत्तर सांगायचं, विरामचिन्हं सांगायची, मागचं काय लिहिलंय ते विचारायचं. एक तास तुम्ही डोळे बांधून बसा, मग हिशेब करू.

क्लासवाल्याच्या पोराला कुणी बसू दिलं? २०१८च्या नियमात स्पष्ट होतं, स्वतःचा रायटर आणायचा तर तो विद्यार्थ्याच्या एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा. ते तपासायचं काम सुपरवायझरचं. तुम्ही पाहिलंत आणि गप्प बसलात, चोर मात्र आम्ही सगळे?

निवृत्त मास्तर:
चोर म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

सहा ठिपके:
तोंडात घालायला मला ते दिसत नाही मास्तर.

युनिकोड_वापरा:
रायटर हवेतच कशाला? संगणकावर परीक्षा द्या. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) २००६ पासून फुकट आहे, दोन अंध ऑस्ट्रेलियन पोरांनी सुरू केलेलं. अडचण आपल्या माय मराठीची! निम्मे अभ्यासाचे कागद युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, स्क्रीन रीडर ते काहीच्या काही वाचतो. उरलेले तिरके स्कॅन करून टाकलेले, त्यावर गोल शिक्का. भाषेचा अभिमान पाटीपुरता. मी गेली १२ वर्षं हेच लिहितोय…

पेठेतला:
आणि आम्ही १२ वर्षं हेच वाचतोय 🙏

सहा ठिपके:
फॉन्टचं खरं आहे, पण खेड्यातल्या बारावीच्या मुलीला आधी लॅपटॉप द्या, मग रायटर काढून घ्या. उलटं करू नका.

गावाकडचा सदस्य:
गडहिंग्लजकडचा आहे, गाव सांगत नाही. स्थानिक संस्थेनं आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आमच्याकडं तो दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवतो. मग यादी काढायची, माणशी वाटून टाकायचं, हारतुरे, सही. मी एकदा म्हटलं, यातनं दोन अंध आहेत त्यांना काठीचं प्रशिक्षण देऊ. ग्रामसेवक म्हणाला, वस्तू दाखवा, बिल दाखवा. चालायला शिकवल्याचं बिल कसलं लावू? त्याचंही चुकत नाही, ऑडिटला तोच उभा राहणार. शेवटी एकाला शिलाई मशीन दिलं. त्याच्या बायकोला येतं शिवायला, तेवढंच समाधान.

कळंब्याची लेक:
हेच ते! वस्तू चालते, जेवण चालतं, शिकवणं कशातच बसत नाही.

पैशांवरनं आठवलं. बाबा लेथवर सुताचा फरक बोटानं सांगायचे. तरी नोटा कळत नाहीत. जुनी ५००ची नोट १००पेक्षा चांगली १० मिलिमीटर लांब होती. आता १००, २००, ५०० यांच्यात चार-चार मिलिमीटरचा फरक. तिन्ही शेजारी ठेवल्या तर ठीक, सुटी एकच हातात आली तर काय मोजायचं? रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखून सांगणारं 'मनी' (MANI) ॲप आहे, पण भाजीवालीसमोर एका हातात पिशवी, एका हातात काठी, तिसऱ्या हातात मोबाईल धरायचा का? शेवटी उद्यमनगरातल्या जुन्या मित्राकडनं त्यांनी पत्र्याचं गेज करून घेतलं. नोट लावायची, तीन खाचांपैकी कुठली लागते बघायची. खिशात असतं. आता शेजारचे दोघं तसलंच मागतात.

तांबडा_पांढरा:
हे गेज भारी आहे, नाद खुळा. किती खर्च येतो? ५० करून वाटू का?

कळंब्याची लेक:
आणि फोटो? 🙂

तांबडा_पांढरा:
नको मग. राहू दे. काही केलं तरी टोमणाच.

सहा ठिपके:
ताई, हे तुमचं चुकलं. माणूस विचारतोय तर उत्तर द्या. मला एक हवंय.

निवृत्त मास्तर:
कोल्हापूर काही करत नाही असा सूर लागलाय, तो मान्य नाही. नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड इथंच उभी केली.

सहा ठिपके:
दीदींना मुजरा. त्यांनी अपंगांचा विषय वाढपातनं काढून हक्कात आणला, पण मुख्यतः चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी. त्यामुळं लोकांच्या डोक्यात दिव्यांग म्हणजे खुर्ची आणि रॅम्प एवढंच बसलंय. मला रेल्वे स्टेशनवर दोघांनी उचलून व्हीलचेअरवर बसवायचा प्रयत्न केला. पाय चांगले आहेत म्हटलं तर म्हणतात, "असू दे, बसा." हात धरायचा झाला तरी मनगट पकडून बोकडासारखं ओढतात. तुम्ही नुसतं कोपर पुढं करा, मी वरनं धरतो आणि अर्धं पाऊल मागं चालतो. एवढं शिकायला शिबिर लागत नाही.

पेठेतला:
हे मात्र माहीत नव्हतं. मी आजवर मनगटच धरलंय.

निवृत्त मास्तर:
एक गोष्ट सांगून माझ्यापुरता विषय संपवतो. रायटर घेणाऱ्या मुलांना वेगळी खोली द्यायची असते. आमच्या केंद्रावर खोली शिल्लक नव्हती, मी त्या मुलाला जिन्याखाली बसवलं. शिपाई म्हणाला, सर, इथं बल्ब नाही. मी म्हटलं, त्याला काय करायचाय बल्ब? अर्ध्या तासानं मुलगाच बोलला, "सर, मला नको, पण लिहिणारीला दिसत नाहीय." आम्हाला कुणी काही शिकवलं नव्हतं, हे कारण झालं. क्लासवाल्याच्या पोराबद्दल मात्र मी बरोबरच होतो.

सहा ठिपके:
तुमच्या बल्बबद्दल धन्यवाद. क्लासवाल्याचं पोरगं तुमच्याकडे राहू दे.

तांबडा_पांढरा:
बरं, ऐका. मी आता केक आणणार नाही, टोप्या आणणार नाही, श्रीखंडाचं नाव काढणार नाही. झालं समाधान? माझी पुतणी बारावीला आहे, रिकामी असते. बी.ए.च्या पेपराला रायटर म्हणून चालेल का?

सहा ठिपके:
श्रीखंड आणा हो, कुणी नको म्हटलंय? पुतणी त्या २०१८च्या नियमात बसते, सध्याचा नियम तेवढा कॉलेजात विचारून घेऊ. आमच्या ओळखीतली एक मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, इतिहासाचा पेपर, रायटर अजून ठरलेला नाही. वेळेवर येईल का पण?

तांबडा_पांढरा:
मी स्वतः गाडीवरनं सोडतो. पंक्चरची जबाबदारी माझी.

सहा ठिपके:
अक्षर कसं आहे?

तांबडा_पांढरा:
खोटं कशाला बोलू. तिची आई म्हणते डॉक्टर होणार.

सहा ठिपके:
मग एकदा येऊन सराव करू दे. आणि "सार्वभौमत्व" लिहून दाखव म्हणावं.