बाबांचं बीपी, मिश्री आणि पापड: अर्धांगवायूचा धोका कसा कमी करायचा?

सातारकर_८८: नमस्कार मंडळी, बाबा ५८ वर्षांचे, दुकानात दिवसभर बसून असतात, बीपी १५०/९५ च्या आसपास असतं. गोळी चालू आहे पण बरं वाटलं की मधेच सोडून देतात. आता मोठ्या काकांना झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून आईला झोप नाही. बाबांना ताटात पापड लोणचं लागतंच आणि सकाळी मिश्री. नातेवाईक म्हणतात सैंधव वापरा, लसूण खा. खरंच फरक पडतो का?

माईची_लेक: दादा, आधी गोळीचं बघा, बाकी सगळं नंतर. बीपी वाढलेलं कळत नाही, डोकं दुखत नाही म्हणजे नॉर्मल आहे असं नसतं आणि झटक्यामागचं सगळ्यात मोठं कारण तेच. सैंधवातही सोडियमच असतं, त्यामुळे त्याने काही साधत नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, त्यात भाजी आमटीतलं पण आलं, म्हणून पापड लोणचं फरसाण रोज नको, सणावाराला ठीक. आमच्याकडे मिठाचं भांडं ताटाजवळून उचललं आणि भाजीत लिंबू, कोथिंबीर वाढवली, आठ पंधरा दिवस कुरकुर झाली मग जिभेला सवय झाली. लसूण खाऊ देत, पण गोळीच्या जागी नाही.

कोल्हापुरी_मिरची: मिश्री म्हणजे तंबाखूच हो! दात साफ होतात म्हणून लावतात पण निकोटीन रक्तात जातंच, बीपी आणि ठोके दोन्ही वाढतात. ती सुटली पाहिजे, डॉक्टरांना सांगितलं तर मदत मिळते. आणि दुकान बंद केल्यावर अर्धा तास भरभर चालायला सांगा, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. बीपी घरी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला, चहा किंवा मिश्रीनंतर लगेच नको, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, शुगर आणि ठोक्यांची लयही तपासून घ्या, लय बिघडली असेल तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते.

सातारकर_८८: खूप आभार ताई. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आणू का? बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) थोडं वाढलेलं आहे.

माईची_लेक: मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको! त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं, किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाला धोका होतो. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, त्यामुळे चालू गोळीचं नाव सोबत न्या. अजून एक, आईला सांगून ठेवा, तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं तर मालिश, झाडपाला यात वेळ घालवायचा नाही, तोंडात काही घालायचं नाही, सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला लगेच न्यायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. पाच मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी न्यायचंच.